बहारीनवालीच्या गालिच्यावर

एरोबिक्स म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. दूध केंद्राच्या रांगेत माझ्यापुढे उभी असलेली बाई म्हणाली, आमच्याकडे दुपारी चारला एरोबिक्स असतं, ये ना, आणि मी म्हटलं, येते. मला वाटलं भिशीचाच काहीतरी नवा प्रकार असेल. म्हणून मी कपाटातली चांगली साडी काढली, केसांत अबोलीचा वळेसर माळला, नारळाच्या वड्यांचा डबा घेतला आणि समोरच्या नव्या बिल्डिंगचे दोन जिने चढून गेले. दार उघडलं तर बाई ढगळ पँटमध्ये, अंगात नवऱ्याचा असावा असा टीशर्ट, कपाळाला टॉवेलच्या कापडाची पट्टी. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू आज नुसती बस हं."

बसले. आत सोफा भिंतीला लावून ठेवलेला, मध्ये जाड लाल गालिचा, समोर रंगीत टीव्ही आणि त्याच्याखाली व्हिडिओ. तेव्हा आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत एकच रंगीत टीव्ही होता आणि तोही रविवारी सगळ्यांसाठी दार उघडं ठेवून लावायचे. इथे एक बाई एकटीच्या मालकीचा टीव्ही लावून त्यात तीन गोऱ्या बायका नाचवत होती. त्या गोऱ्या बायका उड्या मारता मारता हसत होत्या. समोर आमच्या सहा-सात बोरिवलीकर बायका, कुणी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कुणी मुलाची खाकी पँट घातलेली, आणि हसत कुणीच नव्हती. मी सोफ्यावर बसून वड्या खाल्ल्या. शेवटी शेवटी मला हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबला.

या बाईला आम्ही आपापसात बहारीनवाली म्हणायचो, समोर वहिनी. नवरा बहारीनला नोकरीला. दहा वर्षं तीही तिकडेच होती, मग मुलांच्या शाळेसाठी ती इकडे आली आणि तो तिकडे राहिला. तिकडच्या उन्हात म्हणे दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका एकीच्या घरी जमून कॅसेट लावायच्या आणि उड्या मारायच्या. येताना तिने भांडीकुंडी वाटून टाकली आणि कॅसेट मात्र साड्यांच्या घडीत घालून आणली. इथे आल्यावर तिला करमेना. मग दूध केंद्र, रेशनचं दुकान, शाळेचं फाटक, दिसेल त्या बाईला ती बोलावत सुटली. फी-बी काही नाही. तिला माणसं हवी होती, बस.

मला काही घाम गाळायची हौस नव्हती. मी सकाळच्या शाळेत शिकवायचे, साठ पोरांपुढे ओरडून ओरडून माझी कसरत रोजच व्हायची. पण घरी आल्यावर मी ताईला सगळं करून दाखवलं. त्या गोऱ्या बायका कशा गुडघा वर घेतात, खाकी पँटवालीची नाडी कशी सुटली, वहिनी कशी हातात केसांचा ब्रश घेऊन त्याने दिशा दाखवते. ताई कोथिंबीर निवडत होती. ती हसली. खूप नाही, थोडीच, पण हसली. मी तिथल्या तिथे ठरवलं की हिला घेऊन जायचं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. लालबागच्या चाळीत आम्ही वाढलो तेव्हा ती मजल्यावरची दांडगट मुलगी होती. नळावर तिचा हंडा आधी. कुणी मधे घुसलं की शिव्या, आणि माझ्या पाठीत धपाटे तर येता जाता. लग्न होऊन ती गोरेगावला गेली, तिथेही घरमालकाशी भांडून तिने पाण्याची वेळ वाढवून घेतली होती. तिचे मिस्टर शांत. ती बोलायची, ते ऐकायचे, आणि मधेच एखादं वाक्य असं टाकायचे की ती हसून हसून बेजार. एक दिवस ऑफिसातून आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि संपलं. मूलबाळ नव्हतं. मी तिला बोरिवलीला आणलं.

त्यानंतर तिच्याशी कुणी मोठ्याने बोललं नाही. हे मी अगदी शब्दशः सांगते आहे. शेजारच्या बायका तिच्याशी बोलताना आवाज खाली घ्यायच्या, जणू घरात तान्हं मूल झोपलंय. माझा नवरा, जो हरवलेल्या मोज्यावरून घर डोक्यावर घ्यायचा, तो ताईने भाजीत मीठ दुप्पट घातलं तरी "छान झालीय" म्हणून पाण्याचे तांबे रिचवायचा. भाजीवाला न मागता तिला आल्याचा तुकडा द्यायचा. मीसुद्धा. मी रिक्षावाल्याशी भांडायचे, हेडबाईंशी भांडायचे, पण ताईला "अगं, गॅस चालू राहिला" हे सांगतानाही माझा आवाज मऊ व्हायचा. आणि ताई दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. एकदा मला म्हणाली, "तुम्ही सगळे माझ्याशी असे बोलता की मला वाटतं मीच मेलेय." त्यावर मी जे बोलले तेही मऊच आवाजात.

तर तिला न्यायचं ठरवलं. ती नाही म्हणाली. मी माझा एक पंजाबी ड्रेस उसवून तिच्या मापाचा केला. तोवर तिने लग्नानंतर ड्रेस घातलाच नव्हता. तरी नाहीच. शेवटी मी म्हटलं, मला एकटीला जायला लाज वाटते, नुसती सोबतीला चल. ही थाप तिला कळली असणार. कारण लाज आणि मी यांचा संबंध नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण आली.

आता त्या क्लासचे नियम सांगायला हवेत. पहिला नियम, चपला जिन्यात. दुसरा, मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं सगळं काढून दाराजवळच्या स्टीलच्या डब्यात टाकायचं. उड्या मारताना मंगळसूत्राच्या वाट्या उडून हनुवटीवर बसायच्या, म्हणून हा नियम. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला कडाडून विरोध केला होता. या काकू वहिनीच्या बरोबर खाली राहायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांचा पंखा हलायला लागला तेव्हा कणकेने भरलेल्या हातांनी त्या भांडायला वर आल्या होत्या. दारात उभं राहून त्यांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. मग जरा वेळ बघत राहिल्या. मग हात धुऊन आत आल्या. तेव्हापासून खाली तक्रार करायला कुणी उरलंच नाही. पण मंगळसूत्र मात्र सवाष्णीने गळ्यातून काढायचं नसतं, या गोष्टीवर त्या ठाम होत्या. दोन दिवस ठाम राहिल्या. तिसऱ्या दिवशी वाटी उडून समोरच्या दातावर बसली, तशा मुकाट्याने उठल्या आणि डब्यात टाकून आल्या. ह्यांना सांगू नका कुणी, एवढंच म्हणाल्या.

तिसरा नियम टिकल्यांचा. घामाने टिकल्या सुटायच्या आणि त्या लाल गालिच्यावर जाऊन चिकटायच्या. रोज संध्याकाळी वहिनी गुडघ्यांवर बसून त्या वेचायची आणि आरशाच्या कडेला लावून ठेवायची, जिची तिने न्यावी म्हणून. मग तिने सांगून टाकलं की बायांनो, तोंडं धुऊन कोरड्या कपाळाने या.

तेव्हा बघा, चार वाजता त्या खोलीत सगळ्यांचे गळे मोकळे, हात मोकळे, कपाळं मोकळी. माझ्या हे लक्षात यायला पहिला दिवस लागला. ताई माझ्या शेजारी उभी होती आणि ती सगळ्यांसारखी दिसत होती. बाहेर ती जिथे जाई तिथे बायकांचे डोळे आधी तिच्या कपाळावर, मग गळ्यावर, मग खाली जायचे आणि आवाज बदलायचा. इथे कुणी बघितलंच नाही. काकूंनी तर पहिल्याच दिवशी तिला सांगितलं की जरा सरक, तुझा हात माझ्या नाकाला लागतोय.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी वहिनीने डबा फिरवला. ताईकडे टाकायला काही नव्हतंच. वहिनीने तिच्या गळ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही बघा शहाणी. घरूनच काढून येते. सगळ्यांनी असंच यायचं."

मी ताईकडे बघितलं. ताईचा चेहरा दगड. क्लास संपेपर्यंत माझं लक्ष टीव्हीत नव्हतंच, मी दोनदा भिंतीवर आपटले. खाली उतरताना मी तयारीत होते की आता ही रडणार आणि परत येणार नाही. तर ताईने रस्त्यात माझा दंड धरला आणि तिला हसू फुटलं. शहाणी म्हणे, शहाणी, असं म्हणत ती दूध केंद्रापर्यंत हसत आली. मग डोळे पुसून म्हणाली, "तू तिथे कुणाला सांगू नकोस. तास तर तास. मला जाऊ दे."

मी कबूल केलं. त्या बायका सगळ्या नव्या बिल्डिंगच्या, आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. कुणी विचारलंच तर ताईचे मिस्टर गोरेगावला असतात असं मी पुटपुटायची तयारी ठेवली होती, पण कुणी विचारलं नाही. उड्या मारताना श्वास पुरत नाही, तिथे चौकशा कोण करणार?

दिवाळीनंतर आम्ही लागलो ते डिसेंबर संपेपर्यंत एक दिवस चुकवला नाही. ताईला ते जमत नव्हतं. चाळीत लंगडी खेळलेली बाई, ताकद होती, पण टीव्हीतली बाई एक हात वर करी तेव्हा ताईचे दोन्ही जात. त्याचं तिला काही नव्हतं. ती चार वाजायची वाट बघायची. साडेतीनलाच ड्रेस घालून दारात उभी, आणि मी वह्या तपासत असले तर किल्ल्या वाजवायची. घरी थोडंथोडं बोलायला लागली. माझ्या नवऱ्याला एकदा म्हणाली की तुमचं पोट बघता तुम्हीही यायला हरकत नाही. तो इतका खूश झाला की त्याने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आणि मग जानेवारी आला. संक्रांतीच्या आठवड्यात वहिनीने व्हिडिओ बंद करून टाळी वाजवली आणि जाहीर केलं की शनिवारी आपण क्लासचं हळदीकुंकू करू. नाहीतरी या दिवसांत रोज संध्याकाळी पाच पाच घरं फिरायची असतात. इथे सगळ्या आयत्या जमलेल्या, पटकन आटपेल. वाण म्हणून ती परदेशी साबण देणार होती, सोनेरी कागदातला, नवऱ्याने पाठवलेला. बायकांनी नुसता आ केला. तेव्हा असला साबण घरात आला की तो वापरायचा नसे, कपाटात साड्यांमध्ये ठेवायचा वासासाठी. काकूंनी तर तिथेच एक वडी मागून घेऊन हुंगून बघितली.

मी ताईकडे बघायचं टाळलं. वाट लागली, एवढंच डोक्यात. खरं सांगायचं तर मला वहिनीचा भयंकर राग आला. एवढी आधुनिक, पँट घालून उड्या मारते, आणि हिला सुचलं काय तर हळदीकुंकू! घरी पोचेपर्यंत मी मनात तिच्याशी तीनदा भांडून घेतलं होतं.

घरी ताईने तीळ भाजायला घेतले आणि ढवळत बसली. मग मीच एकेक उपाय सांगायला लागले. शनिवारी जायचंच नाही, डोकं दुखतंय सांगू. ताई म्हणाली, आज डोकं, उद्या वहिनी घरी कुंकू घेऊन बघायला येईल. मग मी म्हटलं, मी आधी जाऊन वहिनीला एकटीला गाठून सांगते. तर म्हणाली, सांगितलंस की संपलं, सोमवारपासून तीही हळू बोलणार. मग मी जरा धीर करून म्हटलं, कोण ओळखतंय आपल्याला तिथे, घे लावून. काय बिघडतं? मी असले नियम मानत नाही, तू तरी कशाला मानतेस?

ताईने ढवळणं थांबवलं. "नियमाचं नाही गं. मी लावून घेतलं तर मी तिथे उभी राहून सांगतेय की हे आहेत. आणि हे नाहीत. मी त्यांच्याबद्दल खोटं नाही बोलणार. न बोलणं वेगळं." एवढं बोलून तिने गॅस बंद केला. तीळ थोडे करपलेच होते. मला रडू येत होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं, म्हणून मी उगाच डबे काढून पुसत बसले.

शनिवारी साडेतीनला ती दारात उभी. ड्रेस घातलेला, किल्ल्या हातात. मी विचारलं, काय ठरवलंस? म्हणाली, चल तू. आणि जिन्यात म्हणाली की काहीही झालं तरी तू भांडायचं नाहीस. भांडलीस तर बघ. मला जन्मात मिळालेला हा सर्वांत अवघड हुकूम होता.

त्या दिवशी बायका साड्या नेसून आल्या होत्या, पण आधी थोडा व्यायाम तरी करूच म्हणून वहिनीने कॅसेट लावली. त्यामुळे झालं काय, की हळदीकुंकवाला सगळ्या उभ्या राहिल्या त्या घामाने निथळत, पदर खोचलेल्या. वहिनीने चांदीचा करंडा काढला आणि ओळीने सुरुवात केली. पहिल्या काकू. ओल्या कपाळावर कुंकू टेकवलं तसं ते नाकावर ओघळलं. पुढचीचं भुवईत गेलं. बायका एकमेकींना बघून खिदळायला लागल्या. आपण सगळ्या मारामारी करून आल्यासारख्या दिसतोय, असं कुणीतरी म्हणालं. मी हसत नव्हते. मी वहिनीच्या बोटाकडे बघत मोजत होते, आता तीन बायका, आता दोन.

वहिनी ताईसमोर आली. हसत होती. बोटाला कुंकू घेऊन तिने हात उचलला.

ताई म्हणाली, "वहिनी, कुंकू नको. माझे मिस्टर गेले, दोन वर्षं झाली." आणि वहिनीचा हात तसाच हवेत असताना, त्याच आवाजात, "साबण मात्र मी घेणार."

काकू 'अगोबाई' म्हणाल्या. वहिनीचा हात खाली येईना. मग तिची नजर दाराजवळच्या त्या स्टीलच्या डब्यावर गेली, परत ताईच्या गळ्याकडे आली, आणि तिने दुसरा हात तोंडावर ठेवला. तिला ते आठवलं. शहाणी.

ती बडबडायलाच लागली. मला माहीत नव्हतं गं, माझ्या डोक्यातच नाही आलं. तिकडे दहा वर्षं हळदीकुंकू केलं, मल्याळी, सिंधी, सगळ्यांना बोलावलं, एकीलाही कधी वगळावं लागलं नाही. तिकडे आम्ही सगळ्याच नवऱ्याच्या व्हिसावर ना, असं कुणी नसायचंच. नवरा गेला की बाई आठवड्याभरात विमानात. असं म्हणता म्हणता ती स्वतःच थांबली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिच्याबद्दलचा माझा राग तिथेच मेला. आता मला राग यायला दुसरं कुणीतरी हवं होतं, आणि काकूंनी सोय केली. त्या हळूच म्हणाल्या की वाण तसं बिनकुंकवाचं देत नाहीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडलं, तोच ताईने माझ्या हाताला असा चिमटा काढला की आठवडाभर निळं पडलं होतं. "काकू, कुणी विचारलं तर सांगा, मी हिसकावून घेतला," ताई म्हणाली, आणि वहिनीच्या हातातून तिने साबण काढून घेतला. एकदोघी हसल्या. मग मसाला दूध आलं, तिळगूळ झाला, आणि सगळं निभावलं.

निभावलं असं मला वाटलं. जिना उतरताना ताई म्हणाली, "आता सोमवारी बघ."

सोमवारी तसंच झालं. आम्ही दारातून आत आलो आणि गप्पा थांबल्या. वहिनीने ताईला पंख्याखालची जागा दिली. ही जागा रोज धक्काबुक्कीने मिळवावी लागायची. मधेच व्हिडिओ थांबवून तिने विचारलं, दम लागला असेल तर बस हं जरा. खाकी पँटवालीने पाणी आणून दिलं. ताईचा हात शेजारणीला लागला तर शेजारीण म्हणाली, असू दे, असू दे. काकूही काही बोलल्या नाहीत. एकही गोष्ट वाईट नव्हती हो यात, सगळ्या चांगल्याच वागत होत्या. मलाच नुसतं गुदमरायला होत होतं. ताईने पाणी प्यायलं, थँक्यू म्हटलं, आणि पंख्याखाली उभी राहून हात वर-खाली करत राहिली. तिचा चेहरा पुन्हा तसाच व्हायला लागला होता, दिवाळीआधी होता तसा. मंगळवारी तेच. बुधवारी तेच.

बुधवारी घरी आल्यावर तिने ड्रेस धुतला, वाळवला, इस्त्री केला आणि माझ्या कपाटात ठेवला. उद्यापासून तू जा म्हणाली, मला गुडघ्याचा त्रास होतोय. गुडघा तिचा ठणठणीत होता. मी विनवण्या केल्या. एकच दिवस चल. उद्या कॅसेटची दुसरी बाजू लावणार आहेत, नवीन काहीतरी, एवढं बघ आणि मग नको येऊस. ती फक्त माझं तोंड बंद करायला हो म्हणाली, हे मला कळत होतं. मी त्या रात्री माझ्या नवऱ्याशी विनाकारण भांडले.

गुरुवारी कॅसेटमध्ये गिरक्या होत्या. चार पावलं उजवीकडे, टाळी, गिरकी, चार पावलं डावीकडे. सगळ्या उजवीकडे गेलो. ताई डावीकडे गेली. तिकडून काकू येत होत्या, चांगल्या वजनदार बाई, उताराला लागल्यासारख्या. टक्कर झाली आणि ताईची टाच बरोबर काकूंच्या पायावर, तीही कुरूप झालेल्या करंगळीवर.

काकू किंचाळल्या. एक पाय हातात धरून त्या गालिच्यावर लंगडत फिरल्या आणि मग ताईसमोर उभ्या राहून तोंडाचा जो पट्टा सोडला की काय सांगू. डोळे फुटले का गं तुझे, उजवं डावं कळत नाही, जेवतेस कुठल्या हाताने, एवढी घोडी झालीस, मूर्ख कुठली! वहिनीने धावत जाऊन व्हिडिओ बंद केला. काकू, काकू, असं काय बोलता तिला, असं ती कळवळून म्हणायला लागली. बाकीच्या अशा बघत होत्या की काकूंनी देवाच्या मूर्तीला लाथ मारलीय.

"असं काय म्हणजे?" काकू वहिनीवर उलटल्या. "पाय माझा चेचलाय. हिचं दुःख हिच्यापाशी, पण मग माझ्या पायावर का नाचते?"

आणि ताई बोलली. दोन वर्षांत मी न ऐकलेला आवाज, चाळीतल्या नळावरचा. म्हणाली, तुम्हीच आडव्या आलात. एवढ्या मोठ्या खोलीत तुम्हाला माझीच जागा सापडली होय? काकू म्हणाल्या, टीव्हीतली उजवीकडे गेली. ताई म्हणाली, टीव्हीतली आपल्याकडे तोंड करून उभी आहे, तिचं उजवं ते आपलं डावं, सगळ्या तुम्ही चुकलात, मी बरोबर. यावरून दोघींची अशी जुंपली की वहिनी मध्ये शिरली तर तिलाही दोघींनी गप्प केलं. शेवटी कॅसेट मागे घेऊन बघायची वेळ आली. मी सोफ्यावर बसले.

सुटल्यावर आम्ही निघालो. पहिला जिना उतरलो आणि ताई पायरीवर मटकन बसली. मला वाटलं आता फुटला बांध, मी पटकन शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला. ती हसत होती, कठडा धरून, आवाज न करता, खांदे गदागदा हलत होते.

"मूर्ख म्हणाली मला," ताई म्हणाली. "ऐकलंस ना? घोडी म्हणाली." नाक पुसलं, उठली, ड्रेसची धूळ झटकली. "उद्या लवकर निघ हां. ती वह्या तपासत बसू नकोस. काकूंच्या शेजारची जागा मला हवीय."